साडेतीन हजारांत घरच्या जुन्या डेस्कटॉपला एसएसडी कुठली घ्यावी?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. घरी २०१४ साली असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय ३, एच ८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज १०. बटण दाबलं की चहा करून, पिऊन, कप धुवून झाला तरी स्क्रीनवर गोल फिरतच असतं. तुम्हाला शाळेची ऑनलाइन माहिती भरायची असते, मुलगी बारावीची लेक्चर्स बघते, आणि १०-१२ वर्षांचे फोटो त्यातच पडलेत. बजेट साडेतीन हजार. ऑनलाइन एके ठिकाणी २ टीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तबकडीऐवजी चिपांची डिस्क) १८०० ला दिसतेय, दुकानदार २५६ जीबीची साधी घ्या म्हणतो, आणि भाचा म्हणतो एनव्हीएमई, म्हणजे एसएसडीचा नवा प्रकार, तीच घ्या, सहापट फास्ट असते. तर कुणाचं ऐकायचं?

२ टीबीवाली अजिबात घेऊ नका. भाचा खरं बोलतोय पण ते तुमच्या मशीनबद्दल नाही. आणि दुकानदार बऱ्यापैकी बरोबर आहे, फक्त तो कुठल्या कंपनीची देतोय आणि बिल देतोय का ते बघायला लागेल. मी सांगलीत १७ वर्षं हेच काम करतोय, रोज दोन-तीन मशीन तरी उघडतो, त्यामुळे जरा लांबण लागेल पण सगळं सांगूनच टाकतो.

आधी मशीन स्लो का आहे ते बघू, कारण तिथंच अर्धा निर्णय होतो. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते आणि त्यावर एक दांडी इकडून तिकडं पळत असते, जुन्या रेकॉर्ड प्लेअरसारखी. एक मोठी पिक्चरची फाइल सलग वाचायची असली तर ती सेकंदाला १०० एमबी सहज वाचते, काही वाईट नाही. पण विंडोज चालू होताना एक मोठी फाइल वाचत नाही, हजारो बारक्या बारक्या फाइली वेगवेगळ्या कोपऱ्यातून गोळा करते. प्रत्येक वेळी दांडी हलवा, तबकडी फिरून योग्य जागा खाली यायची वाट बघा, यात १२-१३ मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला ७०-८० तुकडे, बस. एसएसडीत हलणारं काहीच नाही, तोच तुकडा एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास हाताला लागतो. म्हणजे फरक १००पट तिथं आहे. खोक्यावर ५५०, ३५००, ७००० असे जे आकडे छापतात ते सलग वाचनाचे, ते घरच्या वापरात फार क्वचित कामाला येतात.

म्हणून मी गिऱ्हाइकाला कायम सांगतो, हार्ड डिस्कवरून कुठल्याही अस्सल एसएसडीवर आलात की जी उडी बसते ती बसली, त्यानंतर महागातल्या एसएसडीने जे मिळतं ते घड्याळ लावून मोजावं लागतं. मी एकदा खरंच मोजलं होतं. तुमच्यासारखंच एच ८१ चं मशीन, हार्ड डिस्कवर बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत ३ मिनिटं १० सेकंद. साधी २४० जीबीची सॅटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची ती) टाकली, त्याच कामाला २६ सेकंद. बाकी काहीही बदललं नव्हतं. आणि दुसऱ्या एका नव्या मशीनवर सॅटा काढून एनव्हीएमई लावली तेव्हा १६ चे १३ सेकंद झाले. तीन सेकंदांसाठी कुणी मला दुवा दिला नाही.

आता भाच्याची एनव्हीएमई. ती बबलगमच्या पट्टीएवढी असते आणि बोर्डवर एम.२ नावाचा आडवा स्लॉट लागतो. एच ८१ च्या बोर्डवर तो नसतो. बोर्डवर जादा कार्ड बसवायचा जो पीसीआयई स्लॉट असतो त्यात बसणारं अॅडॉप्टर कार्ड मिळतं, त्यावर ती दिसेलही, पण एवढ्या जुन्या बोर्डचं बायोस (बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) सहसा त्यावरून मशीन बूट, म्हणजे चालू, करत नाही, मग बायोसमध्ये फेरफार करा, पेनड्राइव्हवरून बूटलोडर चालवा असले उद्योग. यूट्यूबवर बघायला मजा येते, घरात शाळेची माहिती भरायची असेल त्या रात्री येत नाही. नाद सोडा.

ज्यांची मशीन नवीन आहेत त्यांच्यासाठी इथंच एक सांगून टाकतो, कारण यात लोक रोज फसतात. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्या आकारात सॅटा पण येते आणि एनव्हीएमई पण येते, आणि काही लॅपटॉपांचा स्लॉट फक्त एकच घेतो. साधारणपणे पट्टीच्या टोकाला दोन खाचा असतील तर ती सॅटा, एक खाच असेल तर एनव्हीएमई, पण याला अपवाद आहेत म्हणून लॅपटॉपच्या मॉडेलचं मॅन्युअल बघूनच घ्या. नव्या मशीनला दोन्हीची किंमत सारखी असेल तर एनव्हीएमईच घ्यायची, आणि बहुतेक वेळा ती सारखीच असते. फक्त पीसीआयईच्या चौथ्या-पाचव्या जनरेशनच्या एनव्हीएमईला (ही प्रोसेसरची जनरेशन नव्हे) जादा पैसे घालू नका. एच ३१० सारख्या स्वस्तातल्या बोर्डचा एम.२ स्लॉट बऱ्याचदा पीसीआयई २.० वरच चालतो, त्यात ७००० वाली टाकली तरी ती १५००-१६०० च्या पुढं जात नाही, म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर रेसिंगची गाडी. आणि हो, एम.२ ची पट्टी तिरकी घालून खाली दाबून एक मुंगीएवढा स्क्रू लावायचा असतो, तो स्क्रू बोर्डच्या खोक्यात छोट्या पुडीत येतो आणि खोकं दिवाळीच्या साफसफाईत गेलेलं असतं. माझ्याकडं त्या स्क्रूंनी भरलेली कुंकवाची डबी आहे. स्क्रू नाही म्हणून सेलोटेप लावून आणलेल्या पट्ट्या मी बघितल्यात, गरम झाली की टेप सुटते आणि पट्टी उभी राहते.

तुम्हाला लागते ती अडीच इंची सॅटा एसएसडी, पत्त्यांच्या कॅटएवढी. एच ८१ वर चार सॅटा पोर्ट असतात, त्यातले दोन ६ गिगाबिटचे, दोन ३ चे. बऱ्याच बोर्डांवर त्यांचे रंग वेगळे असतात, आणि पोर्टशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, ६ वाल्यात लावा. त्याच्या आधीच्या एच ६१ बोर्डवर सगळे ३ चेच असतात, तिथं स्पीड २७०-२८० ला अडकते, तरी घाबरू नका, वर सांगितलं तसं खरी कमाई बारक्या फाइलींची आहे आणि ती तिथंही मिळते.

आता ती १८०० ची २ टीबी. हे प्रकरण जरा नीट सांगतो. मागच्या वर्षी एक फोटोग्राफर पोरगा अशीच एक घेऊन आला. दिसायला झकास, अॅल्युमिनियमची बॉडी, निळी लाइट, कॉम्प्युटरला लावली की २ टीबी दाखवते. त्याने त्यात दोन लग्नांचे फोटो टाकले, १०० जीबीच्या वर, सगळे कॉपी झाले, नावं दिसतात, साइज दिसते, फक्त उघडेना. मी नखाने कव्हर काढलं तर आत पोस्टाच्या तिकिटाएवढा बोर्ड, त्याला एक मेमरी कार्ड गरम गोंदाने चिकटवलेलं, आणि बाकीच्या जागेत वजन यावं म्हणून लोखंडाची पट्टी. खरी जागा निघाली ३२ जीबी. चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, ३२ भरलं की ती पुढचा डेटा जुन्यावरच लिहीत राहते किंवा सरळ हवेत सोडते, आणि कॉम्प्युटरला सांगते की लिहिलं. एक लग्न पूर्ण गेलं. पैसे परत मिळाले त्याला, पण नवरा-नवरीला परत हळद लावता येत नाही.

ओळखायचं कसं, तर भाव. ओळखीच्या कंपनीची २ टीबी ज्या किमतीला मिळते त्याच्या चौथाईत कुणी देत असेल तर आत मेमरी कार्डच आहे असं धरून चाला. आणि घेऊन झालीच असेल तर एच टू टेस्ट डब्ल्यू नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे, तो पूर्ण जागा खऱ्या डेटाने भरतो आणि परत वाचून ताडून बघतो, लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) त्यासाठी एफ ३ आहे. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. आधी डेटा टाकून मग टेस्ट करणारे पण भेटलेत म्हणून सांगतो, रिकाम्या ड्राइव्हवर करा.

अस्सल कंपन्यांमध्ये आल्यावर मग फरक कशाचा? दोन-तीन शब्द कळले की पुरे. एसएसडीच्या आत बारक्या पेशी असतात, त्यात विजेचा भार साठवतात. समजा पेशी म्हणजे पेला. त्याच्यावर ८ खुणा करून पाणी कुठल्या खुणेपर्यंत आहे ते वाचलं तर एका पेल्यात ३ बिट बसतात, याला टीएलसी म्हणतात. १६ खुणा केल्या तर ४ बिट बसतात, ते क्यूएलसी. तेवढ्याच पेल्यांत जास्त डेटा, म्हणून स्वस्त. पण १६ खुणा म्हणजे खुणा जवळजवळ आल्या, पाणी अगदी मोजून ओतायला लागतं म्हणून लिहायला वेळ लागतो, आणि पेला जुना झाला, थोडं पाझरलं, की लगेच चुकीची खूण वाचली जाते म्हणून आयुष्यही कमी.

हा हळूपणा लपवायला कंपन्या एक युक्ती करतात. बाजारातून सामान आणलं की बायको आधी सगळं ओट्यावर ठेवते आणि मग सवडीने डब्यात भरते, तसं ड्राइव्ह आधी थोड्या जागेत एका पेल्यात एकच बिट असं भराभर लिहून घेते आणि तुम्ही काही करत नसताना मागं नीट लावते. ओटा रिकामा आहे तोवर सगळं जोरात. एकदम ट्रकभर सामान आलं की ओटा भरतो आणि मग प्रत्येक पिशवी थेट डब्यात, तिथं खरा वेग कळतो. सॅमसंगची ८७० क्यूव्हीओ घ्या, क्यूएलसी आहे, १ टीबीच्या मॉडेलचा ओटा ४२ जीबीचा, तो भरल्यावर लिहिण्याचा वेग ८० एमबीवर येतो असं कंपनीच स्वतः लिहिते. ८० म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी! पण आता स्वतःला विचारा, एका झटक्यात ४२ जीबी तुम्ही कधी कॉपी करता? वर्षातून एकदा, मोबाइलचे फोटो घेताना. तेव्हा क्यूएलसी म्हणजे विष नाही, फक्त टीएलसीच्या भावात क्यूएलसी घेऊ नका एवढंच. ड्राइव्ह भरत आली की बऱ्याच ड्राइव्हमध्ये ओटाही लहान होत जातो, म्हणून १५-२० टक्के जागा मोकळी सोडायची सवय लावा.

दुसरा शब्द डीरॅम. कुठला डबा कुठं आहे याची एक वही ड्राइव्हला सतत लागते. महाग ड्राइव्हमध्ये ही वही ठेवायला वेगळी चिप असते, स्वस्तातल्यात नसते. एनव्हीएमईमध्ये नसली तर ती कॉम्प्युटरच्या रॅममधला थोडा कोपरा उसना घेते, त्याला एचएमबी म्हणतात, भागतं. सॅटाला अशी उसनवारीची सोय नाही. त्यामुळे सॅटामध्ये डीरॅम असली तर खरंच चांगलं, जसं ८७० ईव्हीओमध्ये आहे, पण तिची किंमत तुमच्या बजेटच्या पुढं जाईल. ब्राउझर, वर्ड, एक्सेल, व्हिडिओ बघणं याला क्रुशिअल बीएक्स ५०० किंवा किंग्स्टन ए ४०० सारख्या डीरॅम नसलेल्या ड्राइव्ह चालतात, मी शेकड्याने बसवल्यात, बहुतेक अजून चालू आहेत. क्रुशिअलबद्दल एक कानावर घालून ठेवतो, मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये हा ब्रँड ग्राहकांच्या बाजारातून बंद करत असल्याचं जाहीर केलंय, वॉरंटी पाळू असं म्हणालेत, पण दुकानात पडलेला माल घेताना तारखेचं बिल नीट घ्या.

आणि रिव्ह्यू वाचून घेणाऱ्यांसाठी एक कडू गोष्ट. स्वस्तातल्या ड्राइव्हचं नाव तेच राहतं आणि आतलं सामान बदलतं. क्रुशिअल पी २ सुरुवातीला टीएलसीची होती, २०२१ मध्ये त्याच नावाखाली क्यूएलसी यायला लागली. किंग्स्टनच्या एनव्ही मालिकेत तर कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी मुख्य चिप) कुठला, पेशी कुठल्या हे कंपनी ठरवून सांगतच नाही. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू हा तुमच्या हातात येणाऱ्या ड्राइव्हचा असेलच असं नाही. मग सामान्य माणसाने बघायचं काय? मी दोन आकडे बघतो, वॉरंटी किती वर्षं आणि टीबीडब्ल्यू किती. टीबीडब्ल्यू म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहीपर्यंत कंपनी जबाबदारी घेते. हे आकडे कंपनी लेखी देते, आणि त्यात आतलं गुपित फुटतं. ८७० ईव्हीओ १ टीबीला ६०० टीबीडब्ल्यू, तर क्यूएलसीच्या क्रुशिअल पी ३ १ टीबीला २२०. दोन्हीला वॉरंटी ५ वर्षं, पण कंपनीचा स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते कळतं ना. ज्या खोक्यावर किंवा साइटवर हा आकडाच नाही ती ड्राइव्ह मी घेत नाही, मग कितीही स्वस्त असो.

आता लगेच कुणीतरी विचारेल, म्हणजे एसएसडी लिहून लिहून संपते का? संपते, पण तुमच्याकडून नाही संपणार. ए ४०० च्या २४० जीबीला ८० टीबीडब्ल्यू आहे. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, आणि घरात एवढं कुणी लिहीत नाही, तर वर्षाला सव्वासात टीबी होतात, ११ वर्षं लागतील. माझ्याकडं मेलेल्या ज्या एसएसडी येतात त्यातली एकही लिहून संपलेली नव्हती. कंट्रोलर गेलेला असतो, नाहीतर लाइटच्या झटक्याने फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम, बिघडलेलं असतं, ड्राइव्ह स्वतःचं नावच विसरते, बायोसमध्ये काहीतरी भलतंच नाव आणि २ एमबी जागा दाखवते.

साइझ किती? १२०-१२८ जीबी घेऊ नका, एक तर विंडोज आणि त्याचे अपडेट मिळूनच निम्मी जागा खातात, दुसरं म्हणजे कमी जागेत चिपा कमी असतात त्यामुळे लिहायचा वेगही कमी. २४० आणि २५६ एकच समजा. तुमच्या कामाला २५६ पुरते, कारण फोटो जुन्या हार्ड डिस्कवरच राहणार आहेत. ५०० जीबी मिळाली तर उत्तम, पण सध्या भाव चढलेत. २०२३ मध्ये एसएसडी मातीमोल झाल्या होत्या, आता २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केल्यापासून रोज नवा भाव निघतो, त्यामुळे मी इथं किंमत लिहिली तर तुम्ही वाचेपर्यंत ती खोटी ठरेल. किंमतीला जीबीने भागा आणि दोन-तीन दुकानांत विचारा. आणि बघून दचकू नका, २५६ वाली लावल्यावर विंडोज २३८ दाखवतं, ५०० वाली ४६५. दुकानदाराने मारली नाही जागा, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

सगळे साडेतीन हजार एसएसडीत मात्र घालू नका. तुमची रॅम ४ जीबी आहे, ती ८ करा. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर उचलाउचली करतं, एसएसडीवर ते कमी जाणवतं पण जाणवतं, शिवाय ड्राइव्हवर उगाच लिहिलं जातं. तुमच्या बोर्डला डीडीआर ३ लागते, ती नवीन घेऊ नका, कुठल्याही रिपेअरवाल्याकडं जुन्या मशीनमधून काढलेली ४ जीबीची काडी पडलेली असते, लावून बघून घ्या, तपासायला मेमटेस्ट नावाचा प्रोग्रॅम तासभर चालवा. माझ्या मते २५६ जीबी एसएसडी आणि ८ जीबी रॅम हे ५०० जीबी एसएसडी आणि ४ जीबी रॅमपेक्षा कधीही चांगलं.

विंडोजचं पण बघायला लागेल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जादा सिक्युरिटी अपडेटची जी सोय घरच्या लोकांना दिली तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेल ८ व्या जनरेशनपासून पुढचं लागतं, तुमचं ४ थं. वाट काढून टाकता येतं, बरेच जण टाकतात, पण पुढं एखाद्या मोठ्या अपडेटला अडलं तर कंपनीकडं तक्रार करायला जागा नाही. काम फक्त ब्राउझरमधलं असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा, एसएसडीवर हे मशीन त्यावर मस्त पळतं. मुलीला दोन दिवसांत सवय होईल, तुम्हाला आठवडा लागेल, राग मानू नका.

आता बसवताना. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करण्यापेक्षा नवं विंडोज टाका, १० वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा. आणि एक गोष्ट लिहून ठेवा: इन्स्टॉल करताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही लावलेल्या असल्या की विंडोज बऱ्याचदा स्वतः एसएसडीवर जातं आणि बूट व्हायची फाइल जुन्या डिस्कवरच ठेवतं. महिनाभर काही कळत नाही, मग कधीतरी जुनी डिस्क काढली किंवा मेली की चांगली एसएसडी असून मशीन चालू होत नाही आणि माणूस नव्या एसएसडीला शिव्या घालतो. महिन्याला एक तरी अशी केस येते. इन्स्टॉल झालं, दोनदा रिस्टार्ट करून बघितलं, मग हार्ड डिस्क परत जोडा. बायोसमध्ये सॅटा मोड (बोर्ड ड्राइव्हशी कसं बोलतो ते सेटिंग) एएचसीआय आहे का तेही इन्स्टॉलच्या आधीच बघा. कॅबिनेटला अडीच इंचाची जागा नसेल तर पैसे घालवून ब्रॅकेट घ्यायची गरज नाही, आत हलणारं काही नाही, डबल टेपने कॅबिनेटच्या भिंतीला चिकटवली तरी चालते.

झाल्यावर डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइलींचे तुकडे सलग लावणं, करू नका. विंडोजमधलं ऑप्टिमाइझ बटण एसएसडीला डीफ्रॅग करत नाही, ट्रिम करतं, ते आपोआप होतं, होऊ द्या. पण या ट्रिमचाच दुसरा अर्थ नीट समजून घ्या. हार्ड डिस्कवरून चुकून डिलीट झालेले फोटो मी अनेकदा परत काढून दिलेत. एसएसडीवर डिलीट केलं की ट्रिम ती जागा रिकामी करायला सांगते, मग माझ्याकडं आणून उपयोग नाही. आणि हार्ड डिस्क मरायच्या आधी कुरकुरते, टकटक करते, आठवडाभर तरी सांगून जाते. एसएसडी काल रात्री चालू होती आणि सकाळी नाही.

म्हणून फोटो दोन ठिकाणी ठेवा, आणि दुसरं ठिकाण दुसऱ्या घरात. २०१९ च्या पुरानंतर माझ्या दुकानात चिखलाने भरलेल्या सीपीयूंची रांग लागली होती, त्यात बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली कितीतरी माणसं. बॅकअपला साधी हार्ड डिस्कच वापरा, एसएसडी कपाटात ठेवून विसरायची वस्तू नाही. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीने आयुष्याच्या शेवटाला, वीज नसताना, ३० अंशाला एक वर्ष डेटा धरावा एवढीच अपेक्षा आहे. नव्या ड्राइव्हला यापेक्षा खूप जास्त जमतं, तरी आपल्याकडचा एप्रिल-मे ३० अंशाचा नसतो. आणि यूपीएसची बॅटरी मेली असेल तर ती आधी बदला, आमच्याकडं पावसाळ्यात लाइट मिनिटात तीनदा येते-जाते, तो मार एसएसडीला सगळ्यात वाईट.

सेकंडहँड एसएसडीबद्दल एवढंच, ऑफिसच्या लॅपटॉपमधून काढलेल्या कंपनीच्या एनव्हीएमई कधीकधी फार चांगल्या निघतात, क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये हेल्थ आणि एकूण किती लिहिलंय ते बघून घ्यायच्या. पण तुम्हाला सॅटा लागते, आणि सेकंडहँड सॅटामध्ये सायबर कॅफे आणि सीसीटीव्हीतून निघालेला माल जास्त असतो, नको. नवी घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी दुकानाची का कंपनीची ते तोंडावर विचारा. दुकानाची म्हणाला तर दुसरं दुकान.

दुकानात जायच्या आधी एक काम करा. कॅबिनेटचं डाव्या हाताचं कव्हर काढा आणि एसएमपीएसमधून (मशीनला वीज देणारा आतला डबा) येणाऱ्या वायरींमध्ये एल आकाराच्या खाचेची चपटी काळी पॉवर पिन एखादी मोकळी लोंबकळते का बघा. असेल तर फक्त ५०-१०० रुपयांची सॅटा डेटा केबल घ्यायची. नसेल तर चार जाड पिनांच्या जुन्या कनेक्टरवरून सॅटा करणारं कन्व्हर्टर लागेल, ते घेताना प्लॅस्टिक ओतून एकसंध केलेलं घेऊ नका, ते आतल्या आत शॉर्ट होऊन जळाल्याच्या केसेस आहेत, वायर दाबून बसवलेली आणि मागची टोपी उघडता येते तसलं घ्या. पिनेचा एक फोटो काढून आणलात तर कुठलाही दुकानदार बरोबर देईल.